ताई नावाचा प्रोग्रॅम

३ मार्च
आले एकदाची. ताई न्यायला आली होती. माझ्या बॅगा बघून म्हणाली, नोकरीला आलीस की घर बदलायला? खाली तिचं चष्म्याचं दुकान, वर राहायची खोली. खिडकीजवळचा पलंग तिने मला दिला. नको म्हटलं, तर धाकट्यांनी गप बसायचं असतं म्हणे. आई गेल्यापासून आम्ही दोघीच. आता निदान एका छपराखाली आहोत. आज दोघी उगाचच हसत होतो.

५ मार्च
काम मजेचं आहे. कर्नेल म्हणजे संगणकाचा कारभारी. प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्याकडे काहीतरी मागतो आणि तो देतो. आम्ही मध्ये मुद्दाम खोडा घालायचा: असलेली वस्तू नाही म्हणायची, उत्तर उशिरा पोचवायचं, आणि प्रोग्रॅम कोसळतो की सावरतो ते बघायचं. आमच्या प्रमुखांना सगळे मुकादम म्हणतात, आणि तेही ओ देतात. इथली पद्धत अशी की नव्या माणसाने पहिल्या चाचणीच्या प्रोग्रॅमला घरच्या कुणाचं तरी नाव द्यायचं. मुकादम म्हणाले, त्याने काम जीव लावून होतं. त्यांनी सासूबाईंचं दिलं होतं आणि तो प्रोग्रॅम काही केल्या पडेना. मी ‘ताई’ लिहिलं. घरी सांगितलं तर ताई म्हणाली, म्हणजे आता ऑफिसातही तुझं मीच करायचं का?

७ मार्च
आज पहिला दोष, म्हणजे पहिला खोडा, सोडला. ‘ताई’ने काही मागितलं की मधूनच नकार. प्रोग्रॅम डगमगला नाही, पुन्हा पुन्हा मागत राहिला. शाबासकी मिळाली.
जेवताना ताईने पाण्याच्या पेल्याकडे हात नेला. पेला समोरच होता. हात रिकामा परत आला. पुन्हा नेला, पुन्हा रिकामा. मग एकदाचा मिळाला. चष्मेवालीलाच चष्मा लागला बघ, म्हणून ती हसली. मीही हसले.

१० मार्च
आज दुसरा दोष: उत्तर उशिरा. संध्याकाळी ताईला विचारलं, बरी आहेस ना. ती काहीच बोलली नाही. जेवणं झाली, भांडी झाली. फडकं वाळत घालताना ती मध्येच म्हणाली, हो गं, मला काय धाड भरलीय. आज गिऱ्हाइकं चिडून परत गेली, असं शेजारीण सांगत होती.

११ मार्च
ऑफिसातून ताईला फोन लावला आणि पडद्याकडे बघत बसले. प्रोग्रॅम थांबलेला. फोनवर शांतता. पडद्यावर उत्तर सुटलं, आणि त्याच क्षणी ताई बोलली. पुन्हा करून पाहिलं. तसंच.
घाबरून सगळा खोडाच उपटून टाकला. आत अडकलेलं आधी मोकळं न करता. त्या वेळी त्याने ‘ताई’कडे जायचं एक उत्तर धरून ठेवलं होतं. ते त्याच्याबरोबरच गेलं. प्रोग्रॅम अजून त्याची वाट बघतोय.
घरी धावले. ताई दुकानात बसलेली. डोळे उघडे, श्वास चालू. हाका मारल्या. काही नाही.

१२ मार्च
डॉक्टर म्हणाले, नाडी उत्तम आहे, पण मोठ्या दवाखान्यात न्या. नेणार कशी? शेजारच्यांनी जोर लावून पाहिला. ताई हलत नाही. खुर्चीसुद्धा नाही.
मुकादमांना फक्त प्रोग्रॅमचं विचारलं. म्हणाले, असा अडकलेला ना उठवता येतो, ना मारता येतो. मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं, एवढाच उपाय. मग चालू असलेल्या प्रोग्रॅमचं काय, विचारलं. जातात की, म्हणाले. नवे सुरू होतात. त्यात काय एवढं.

१३ मार्च
मशीन बंद करू नका म्हणून मुकादमांना हात जोडले. त्यांनी कारण विचारलं. सांगितलं, सगळं सांगितलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. घरात आजारपण, त्यात नवी नोकरी, माणूस थकतंच, म्हणाले. ऑफिसात शिरायचं माझं कार्ड ठेवून घेतलं आणि सुट्टी दिली. वाईट माणूस नाही. म्हणून तर भीती वाटते—

१४ मार्च
ताईच्या डोळ्यांना ओला कापूस लावते. पापणी मिटत नाही. ते हरवलेलं उत्तर माझ्याकडूनच मिळेल म्हणून सुचेल ते बोलते. हो ताई. आहे ताई. घे ना ताई—
काय मागितलं होतं तिने, तेच माहीत नाही.

१५ मार्च
ऑफिसच्या दारावरूनच परत पाठवलं. मुकादम फोन उचलत नाहीत—
आत्ता त्यांचाच आला. तू आराम कर, म्हणाले, तुझं अडकलेलं मीच मोकळं करतो, बाकीच्यांचंही खोळंबलंय. मी नको म्हटलं. ओरडले. अगं, मशीन बंद करून झालंसुद्धा, म्हणाले—
ताईची मान कलली. श्वास—
नाही.
थांब. डोळे उघडतायत. उठली. पदर नीट केला. माझ्याकडे बघतेय, दारात आलेल्या माणसाकडे बघावं तशी. विचारते, काय दाखवू आपल्याला? आपल्याला म्हणते मला. मी म्हटलं, ताई, अगं मी—