मळ्यावर गेलेले ससे

तीर्थरूप ताईस,

तुझ्या एकुलत्या एका भावाचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे आठांतली तीन-चार अंगं कमी धर.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचं कानातलं यंत्र आलं का, आणि आलं असल्यास ते कानात घालतात की डबीतच ठेवतात? माझी तब्येत उत्तम. जेवण वेळेवर असतं. ओट्याशी उभ्यानेच जेवतो, म्हणजे भांड्यांचा पसारा होत नाही आणि टेबलाशी बसल्यावर समोरची खुर्ची दिसते तीही दिसत नाही. रेडिओ सकाळी लावतो तो झोपताना बंद करतो. ऐकतो असं नाही, पण घरात कुणीतरी बोलत असलेलं बरं. परवा बातम्या देणाऱ्या बाईंना मी चक्क ‘हो का?’ म्हणालो. एवढं सोडलं तर सगळं ठीक आहे. तुझी बारकी कशी आहे? (सहज विचारलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.)

पत्रास कारण की, मी सिनेमात काम केलं.

हसून झालं असेल तर पुढे वाच. आमची औषधांची प्रयोगशाळा बंद झाल्याला आता सहा वर्षं झाली. जिथे मी एकतीस वर्षं सशांचे पिंजरे सांभाळले (तू शेजारणींना ‘तो औषधांच्या कंपनीत असतो’ एवढंच सांगायचीस आणि लगेच चहाचं विचारायचीस, मला सगळं ठाऊक आहे), ती इमारत तेव्हापासून ओस पडली होती. एका सिनेमावाल्या बाईंनी ती शूटिंगसाठी घेतली. आता आत दिव्यांची बटणं कुठे आहेत आणि कुठला नळ सोडला की कुठे पाणी येतं, हे जाणणारा एकच माणूस हयात आहे, असं तिथल्या वॉचमनने त्यांना सांगितलं आणि माझा पत्ता दिला. दाराची बेल वाजली तेव्हा मला वाटलं मीटरवाला आला. दारात दिग्दर्शिकाबाई. वय बारकीएवढंच असेल, बत्तीस-तेहेतीस. मी सिनेमात सल्लागार झालो.

सिनेमा गंभीर आहे. मुक्या जनावरांवर औषधांचे प्रयोग करावेत की करू नयेत, असा त्याचा विषय. त्यात एक मोठा डॉक्टर आहे. तो आधी प्रयोग करतो, मग त्याला पश्चात्ताप होतो आणि मग तो खिडकीतून बाहेर बघतो. बराच वेळ बघतो. शिवाय माझ्यासारखा एक पिंजरेवाला आहे. त्याला पश्चात्ताप होत नाही, कारण त्याला संवादच नाहीत. तर सिनेमात जायचं म्हटल्यावर मी मिशा वाढवायला घेतल्या. चांगल्या भरघोस आल्यात, कानाकडे वळतात. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई म्हणाल्या की मी तुम्हाला ओळखलंच नाही. ओळखत होत्या तेव्हाही त्या कधी बोलत नव्हत्या, तेव्हा मिशांचा फायदाच झाला म्हणायचा.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. कामावर जाऊन बघतो तर आमच्या प्राणीगृहाची दशा बघवेना. पिंजऱ्यांना गंज, भिंतीला ओल, छताला जळमटं, कोपऱ्यात काहीतरी काळं सांडलेलं. ताई, एकतीस वर्षांत माझ्या पिंजऱ्याला गंजाचा ठिपका दिसला नव्हता. मोठे साहेब यायचे तेव्हा पांढऱ्या रुमालाने सळई पुसून बघायचे आणि रुमाल तसाच पांढरा खिशात घालायचे. दुपारी सगळी मंडळी जेवायला गेली, तेव्हा मी बादली शोधली, खराटा शोधला, माझ्या जुन्या कपाटात फिनेलची अर्धी बाटलीसुद्धा सापडली. मंडळी जेवून परत येईपर्यंत बारा पिंजरे घासून लख्ख. जळमटं काढली, भिंत पुसली, वर खिडक्या उघडून ठेवल्या. वाटलं, कुणीतरी शाबास म्हणेल. तर एक दाढीवाला गृहस्थ आत आला, पिंजऱ्यांकडे बघितलं आणि मटकन खाली बसला. तो सगळा गंज त्याने हाताने रंगवलेला होता. चार दिवस लागले होते त्याला. जळमटंही त्यानेच केली होती. मी सगळं पाऊण तासात काढून टाकलं होतं. त्या दिवशीचं शूटिंग रद्द झालं आणि मला एका खुर्चीवर बसवून, तिथून उठू नका, असं फार गोड शब्दांत सांगण्यात आलं.

मी बाईंना म्हणालो, की तुम्हाला वाईट जागा दाखवायची आहे ना, मग ती स्वच्छच दाखवा. आमच्याकडे जे व्हायचं ते लख्ख उजेडात, धुतलेल्या फरशीवर, नीट हात धुऊन व्हायचं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. (दाढीवाल्याने मात्र शेवटपर्यंत माझ्याशी अबोला धरला. अबोल्याची मला सवय आहे.)

दुसरा घोळ कानांचा. पिंजरेवाल्याचं काम करणाऱ्या नटाने सशाला कान धरून उचलायचं, असं लिहिलेलं होतं. मी खुर्चीवरून उठलो. सशाला कान धरून कुणीही उचलत नाही. एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली, आणि त्याचं डोकं आपल्या कोपरात खुपसायचं, म्हणजे त्याला अंधार वाटतो आणि तो गप्प राहतो. हे मी नटाला दाखवलं. नट अंगापिंडाने दांडगा, पण सशाला भ्यायचा, वर त्याला शिंका यायच्या. सिनेमात ससा एकच आहे, पण त्याचं काम चार ससे आळीपाळीने करत होते. नट एकटा असल्यामुळे दमायचा तो नटच. शेवटी बाई म्हणाल्या की हात तुमचेच घेऊ. म्हणजे चेहरा नटाचा आणि हात माझे. मेकअपवालीने माझे हात नटाच्या हातांसारखे दिसावेत म्हणून रंग लावून एकतीस वर्षांचे ओरखडे झाकले. मग बाईंना वाटलं की ओरखडे हवेत, म्हणून तिने माझ्या ओरखड्यांवर दुसरे ओरखडे काढले. माझे बरे होते असं माझं मत आहे.

मला विचारशील तर, ते बरोबर होतं की चूक, हे मला अजून सांगता येत नाही. हिच्या छातीच्या गोळ्या तुला आठवत असतील. तसल्या गोळ्या आमच्या पिंजऱ्यांतून पुढे गेल्या होत्या, हे मला ठाऊक होतं आणि हिलाही ठाऊक होतं. रोज सकाळी गोळी हातात घेतली की ही क्षणभर थांबायची, मग गिळायची. त्या गोळ्यांनी हिला अकरा वर्षं जास्त दिली. मी त्या अकरा वर्षांना चूक कसं म्हणू? आणि ते ससे माझ्या कोपरात डोकं खुपसून विश्वासाने गप्प राहायचे, त्याला बरोबर तरी कसं म्हणू? मी बाईंना विचारलं की तुमच्या सिनेमात शेवटी काय ठरतं. त्या म्हणाल्या, काहीच ठरत नाही, प्रेक्षकांनी ठरवायचं. मग एवढे दिवे कशाला लावले, असं माझ्या तोंडून गेलं. त्या हसल्या. चार वर्षांनी माझ्या बोलण्याला कुणीतरी हसलं.

आणि मग एक दिवस त्यांनी विचारलं, की सशाला पिंजऱ्यातून शेवटचं बाहेर काढताना तुम्ही त्याच्याशी काय बोलायचा?

आता हे तुला पूर्ण सांगितलंच पाहिजे, कारण तुला अर्धंच माहीत आहे. आमच्याकडे नियम होता की जनावराला नाव द्यायचं नाही. कानात गोंदलेला नंबर असतो, तेच त्याचं नाव. नियम शहाणपणाचा होता. बारकी नऊ वर्षांची असताना सुट्टीत आमच्याकडे होती (सुट्टी लागायच्या महिनाभर आधीच ही तिच्यासाठी चादरी धुऊन ठेवायची, आमचं घर एरवी दोघांचंच), तेव्हा तिने हट्ट केला म्हणून मी तिला कामावर नेली. तिला हा नियम कुणी सांगितला नव्हता. अर्ध्या तासात तिने अख्ख्या रांगेला नावं देऊन टाकली. एका सशिणीला तुझं नाव दिलं होतं, ते तुला आम्ही तेव्हा सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात एक पिंजरा रिकामा दिसला. तिने विचारलं, कुठे गेला? मी म्हणालो, मळ्यावर.

एकदा मळा म्हटल्यावर त्याला मालक लागला. मालकाला मिशा लागल्या, चांगल्या कानाकडे वळणाऱ्या. मळ्यात गाजरं लागली, विहीर लागली, ससे पडू नयेत म्हणून विहिरीला झाकण लागलं. दर सुट्टीत ती नवं काहीतरी विचारायची आणि मी नवं काहीतरी बांधायचो. मला बघायला ने म्हणाली, की कधी मालक आजारी, कधी रस्ता खचलेला, आणि त्याच्या एकुलत्या एक मुलीचं तर मी तीन वेळा लग्न लावलं. खोटं बोलताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता, हे कबूल करतो. आणि त्याच वर्षापासून मला एक खोड लागली. सशाला कोपरात घेऊन दाराकडे निघालो की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, ‘चला, मळ्यावर जायचं.’ एकतीसपैकी शेवटची आठ वर्षं तर ते आपलं मलाच खरं वाटायला लागलं होतं.

एकोणीस वर्षांची झाल्यावर बारकीने जेवताजेवता शांतपणे विचारलं, ‘मामा, मळा कुठे आहे?’ कॉलेजात तिला कुणीतरी सगळं समजावून सांगितलं असणार. मी ताटात बघत बसलो. ती उठली, बॅग भरली आणि गेली. त्याला तेरा वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी ही देवाघरी गेली तेव्हा बारकी आली होती, दारातच उभी राहिली, माझ्याकडे न बघता गेली. मी समजत होतो की तिचा राग सशांसाठी आहे. ही म्हणायची, की राग मळ्यासाठी आहे, तिला तुम्ही वेळीच खरं का नाही सांगितलं याचा आहे. आम्ही त्यावरून भांडलो होतो. आता मला हिचं पटतं, पण ते सांगायचं कुणाला?

तर बाईंना मी हे सगळं सांगून बसलो. (इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं, त्याचा हा परिणाम.) दुसऱ्या दिवशी नटाला संवाद मिळाला. एकच आहे. तो सशाला घेऊन दाराकडे जातो आणि म्हणतो, ‘चला, मळ्यावर जायचं.’ त्याने तो न शिंकता म्हटला. मला तिथे थांबवेना, मी बाहेर जाऊन नळ बंद आहे का ते बघितलं.

शूटिंग काही महिन्यांपूर्वी संपलं. ससेवाला आपले ससे घेऊन गेला, मी घरी आलो. सिनेमाचा पहिला खेळ पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारी तीन वाजता आहे. मला दोन पास मिळालेत. एक मला पुरे आहे, दुसऱ्या खुर्चीवर कोट ठेवीन. बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना शेक दे आणि भावोजींना माझा नमस्कार मोठ्याने सांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : कोटाला खुर्ची लागत नाही. बारकी असले सिनेमे बघते, हे तूच मागे लिहिलं होतंस. ती हाही बघेल. अंधारात बसलेली असताना एका परक्या माणसाच्या तोंडून तिला ते वाक्य ऐकू येईल आणि पडद्यावरचे हात ती ओळखेल, कितीही रंग लावला तरी. तिला वाटेल, मामाने मळासुद्धा लोकांना देऊन टाकला. तेव्हा मला तिच्या शेजारी असायचं आहे. मी काही समजावणार नाही, नुसता बसेन. तू तिला सांगू नकोस, सांगितलंस तर ती नाही म्हणेल. हे पत्र टेबलावर उघडं ठेव आणि स्वयंपाकघरात जा. उघडं पत्र वाचल्याशिवाय तिला लहानपणापासून राहवत नाही.

ता. क. दुसरा : ससेवाला आपले ससे घेऊन गेला असं वर लिहिलं आहे. त्याने तीनच नेले. आजारी दिसावा म्हणून चौथ्याला जो रंग लावला होता तो काही निघेना आणि ससेवाल्याला तो डागाळलेला नको होता. तो माझ्याकडे आहे. रेडिओ लावला की कान टवकारतो. त्याच्या कानात नंबर नाही आणि त्याला नावही नाही. नावं द्यायचं काम माझं नव्हे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून दुरुस्ती करतो. मिशा सिनेमासाठी वाढवल्या हे खरं नाही. सिनेमात माझे फक्त हात आहेत, तिथे मिशांचं काही काम नव्हतं. गॅलरीत सहा कुंड्यांत गाजरं लावली आहेत, बोटभर पाला आला आहे. विहीर नाही, पण पाण्याची बादली आहे आणि तिच्यावर मी आठवणीने झाकण ठेवतो. मळा आता केव्हाही बघता येईल. रस्ता चांगला आहे आणि मालक घरीच असतो.