दहा वर्षांचं बीपी

तळेगाव दाभाडे
४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. माधवीस,

अनेक आशीर्वाद. तू माझ्याहून चारच वर्षांनी लहान, तरी आशीर्वाद द्यायचा हक्क मी सोडत नाही.

घरी सुखरूप पोचलीस, हळूहळू जिना चढायला लागलीस, हे प्रदीपरावांकडून कळलं. मी फोन करत नाही, कारण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि अर्धी उत्तरं तुझा नवरा देतो. शिवाय बोलता बोलता तू रडलीस की मी हरते. कागदावर ती सोय नाही.

आता खरं सांगते, राग मानू नकोस. इथल्या तळेगावच्या हॉस्पिटलातली तुझी खोली बघितल्यापासून मला घास गोड लागत नाही. एकटीची खोली, सोबतीच्या माणसाला सोफा, खिडकीतून डोंगर, आणि ताटाबरोबर तुझ्या नावाची चिठ्ठी. त्यावर 'मीठ वर्ज्य' लिहिलेलं का असेना, नाव तर होतं. माझं पित्ताशय काढलं तेव्हा यांच्या कंपनीच्या कार्डावर मला दोघींची खोली मिळाली. दुसरी बाई अखंड खोकायची आणि तिचे पाहुणे माझ्या पलंगावर बसायचे. पपई नव्हती. तुला होती. मी मोजली, सहा फोडी.

आता तर ते कार्डही गेलं. जूनअखेर हे रिटायर झाले. कंपनीने शाल दिली, श्रीफळ दिलं आणि विमा काढून घेतला. एकतीस वर्षं ते कार्ड मी पर्समध्ये देवाच्या फोटोशेजारी ठेवलं होतं गं. आता आमच्या वयाला नवी पॉलिसी मागितली की एजंटांची तोंडं बघ. मुलगी बघायला आलेल्यांसमोर तिची आत्या आणून बसवावी तशी. त्यात माझं बीपी. दहा वर्षं गोळी चालू आहे म्हटल्यावर एकाने हप्ता दीडपट सांगितला, आणि वर बीपीमुळे जे काही होईल त्याला तीन वर्षं पैसे मिळणार नाहीत म्हणाला. बीपीला सांगून ठेवलंय, तीन वर्षं दम धर.

तर तू कुठली पॉलिसी घेतलीस, कशी निवडलीस, सविस्तर कळव. दहा लाखांची आहे म्हणे. छातीत कळ आली तीही डोहाळजेवणात, पैठणी नेसलेली असताना. दुखणंसुद्धा तुझ्याकडे नटून येतं.

लोभ आहे, तो वाढवावा. कमी करायचा झाल्यास आधी नोटीस द्यावी.

तुझी,
अक्का

•

लोणावळा
१३ ऑगस्ट २०२५

ती. सौ. अक्कास,

सा. न. वि. वि. डॉक्टरांनी वाकायला बंदी केलीय, तेव्हा नमस्कार बसल्या जागेवरून मानून घे.

पपईच्या फोडी सात होत्या. एक तू खाल्लीस.

पॉलिसी अजीमने काढून दिली, कामशेतच्या राजमहंमदचाचांच्या मुलाने. तीन वर्षांपूर्वी तो आधी तुमच्याकडेच आला होता, आठवतं? तू त्याला चहा पाजलास, कार्ड दाखवलंस आणि सांगितलंस की आम्हाला कंपनी आहे, लोणावळ्याला माझी धाकटी बहीण आहे तिच्याकडे जा, तिच्या नवऱ्याचं बंगले भाड्याने द्यायचं काम, त्या बिचाऱ्यांना कोण आहे. हे त्याने मला शब्दाला शब्द सांगितलं. खोटं कशाला बोलू, त्या 'बिचाऱ्यां'च्या रागातच मी फॉर्म भरायला बसले.

पण भरला नीट. हप्ता सगळ्यात शेवटी बघायचा, आधी खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का ते बघायचं, असं अजीमचं म्हणणं. कारण मर्यादेपेक्षा भारी खोली घेतली की नुसत्या भाड्याला नाही, डॉक्टरांच्या बिलालासुद्धा त्याच प्रमाणात कात्री लागते. माझ्या पॉलिसीत मर्यादा नाही, म्हणून तो डोंगर आणि तो सोफा. कंपनीने तपासणीही करून घेतली होती. बीपी १२०-८०. तो कागद मी लॅमिनेट करून फ्रीजवर लावलाय, तू दर सणाला बघतेस आणि दर सणाला पाणी पिऊन गप्प बसतेस.

एक खोट राहिली. कॅशलेस मंजूर होईना, कंपनीला आणखी कागद हवे होते. शेवटी यांनी ठेव मोडून बिल भरलं आणि आता परतफेडीचा दावा टाकलाय. तो येईलच. माझी काळजी वेगळीच आहे. हृदयाच्या दोन नळ्या तुंबल्यात, त्यातली एक उघडली. दुसरी दिवाळीनंतर उघडायची, त्याहून लांबवू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. तिचाही खर्च याच पॉलिसीत बसतोय, म्हणून निर्धास्त आहे.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा ठेव, दृष्ट मात्र लावू नकोस.

तुझी,
माधवी

•

लोणावळा
३ सप्टेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,

सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर. कारण काय, तर मला दहा वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे आणि तो मी फॉर्ममध्ये लपवला. वर, पॉलिसीच रद्द का करू नये, याचा तीस दिवसांत खुलासा मागितलाय. पॉलिसी गेली तर दुसऱ्या नळीचं काय? एक ठेव मोडली, दुसरी नाहीच. आणि हा डाग लागल्यावर दुसरी कंपनी मला दारातही उभं करणार नाही.

अजीम म्हणतो, हे बीपी हॉस्पिटलच्या कागदातून आलंय. पेशंटला आत घेताना डॉक्टर घरच्यांना जुनी दुखणी विचारतात, तिथे कुणीतरी सांगितलं असणार. हे तेव्हा काउंटरवर पैसे भरत होते. राहता राहिल्या आमच्या वन्सं, नंदाबाई. त्या गाडीत माझ्याबरोबर होत्या आणि त्यांच्या तोंडाला झाकण नाही. मी विचारलं तर भडकल्याच. आमी पार्किंगला चपला हुडकत हुतो, आमाला कुनी इचारलं न्हाई, आन् तुला बीपी हाय का न्हाई ह्ये आमाला ठावं तरी कुटं, असं म्हणून उठून गेल्या. परवा गौरीच्या जेवणाला आल्या नाहीत. घरात हे माझ्याशी बोलत नाहीत, कारण बहीण त्यांची.

तू हॉस्पिटलच्या दारातच होतीस ना? कोण काय म्हणालं, आठवून लगेच कळव. लोभ असू दे.

माधवी

•

तळेगाव दाभाडे
१० सप्टेंबर २०२५

चि. सौ. माधवीस,

अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून वाईट वाटलं. या कंपन्यांचं असंच असतं. घेताना सोयरे, देताना सावकार. मी तर आधीपासून म्हणत होते. बोलले नसेन, पण मनात म्हणत होते.

त्या दिवशी इतकी गडबड होती की कोण कुणाशी काय बोललं हे देवाला तरी सांगता येईल का? कुणी सांगितलं ते उकरून आता काय मिळणार? डॉक्टर तर शाळकरी पोरासारखा दिसत होता, त्यानेच दुसऱ्या कुणाचं तुझ्या कागदावर उतरवलं असेल. नंदाबाईंना बोलायची सवय आहे एवढंच म्हणते, जास्त म्हणत नाही.

आमचं म्हणशील तर नवा एजंट मिळालाय. योगायोग बघ, तुझीच कंपनी. तो म्हणतो बीपीच्या रकान्यात 'नाही' लिहा, हप्ता एकदम खाली येतो, पुढचं पुढे बघू. फॉर्म भरून ठेवलाय, सहीच राहिलीय.

तुझी पॉलिसी अडकल्याचा मला आनंद झाला असं समजू नकोस. फक्त एकटेपणा जरा कमी झाला. गोळ्या वेळेवर घे. लोभ आहेच, या खेपेला जरा जास्तच समज.

तुझी,
अक्का

•

लोणावळा
२० सप्टेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,

नमस्कार.

यांनी हॉस्पिटलात दोन खेटे घालून सगळ्या कागदांच्या नकला आणल्या. पहिल्याच पानावर लिहिलंय, बीपी दहा वर्षांपासून. खाली माहिती कुणी दिली त्याची ओळ आहे. तिथे नाव नाही, नुसतं नातं आहे.

'पेशंटची आई.'

आई जाऊन अकरा वर्षं झाली. काल मी वन्संच्या घरी जाऊन त्यांचे पाय धरले. आता खुलाशाला दोन आठवडेही उरलेले नाहीत. एवढंच सांग, त्या दिवशी दारात आई म्हणून कोण उभी होती?

लोभाचं नंतर बघू.

माधवी

•

तळेगाव दाभाडे
२६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. माधवीस,

आशीर्वाद द्यायची आज माझी लायकी नाही, पण दुसरा मायना मला येत नाही.

आई मीच होते.

प्रदीपरावांचा फोन आला तशी मी गॅस बंद करून पळाले. अंगात घरातला गाऊन, वर ओढणी, केस दोन महिने न रंगवलेले. तुला गाडीतून उतरवलं तर पैठणी, नथ, गजरा. नर्सने एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मला विचारलं की तुम्ही पेशंटच्या आई का. चार वर्षांचं अंतर गं आपलं. नाही म्हणायचं सोडून मी ओढणी सारखी करत बसले. तेवढ्यात तुला आत नेलं आणि तो डॉक्टर कागद घेऊन माझ्याकडे आला. पेशंटला बीपी आहे का, म्हणाला. नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तुझा फ्रीज मला पाठ आहे. पण म्हटलं, आहे की, दहा वर्षांपासून. इतकं सहज निघालं, आणि निघाल्यावर मला बरं वाटलं. तुझ्या जिवाचं काही व्हावं असं मनात आलं नाही, आईशपथ. तू फक्त माझ्याएवढी व्हावीस, एवढंच वाटलं.

मागच्या पत्रात मी नंदाबाईंवर ढकललं, ते याहून वाईट. त्यांच्याकडे मी मंगळवारी जाऊन आले. त्यांनी चहा दिला, साखर दिली नाही.

परवा वडगावला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. मी पेशंटची आई नसून थोरली बहीण आहे, बीपी तिला नसून मला आहे, दहा वर्षं माझी आहेत. जोडीला माझं आधार कार्ड आणि माझ्या डॉक्टरांची जुनी फाईल जोडलीय. टायपिस्टने विचारलं की खोटं सांगण्याचं कारण काय घालू, आणि मी काही बोलायच्या आत 'मानसिक तणावामुळे' असं टाईप करून मोकळा झाला. मी ते पेनाने खोडून 'मत्सरापोटी' लिहिलं आणि बाजूला सही केली. तो म्हणाला, मावशी, असं कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, तणावात माणूस खरंच बोलून जातो असं कंपनी म्हणेल. मत्सरात खोटं बोलतो, हे त्यांच्या ऑफिसातही सगळ्यांना माहीत असणार.

एक प्रत हॉस्पिटलला दिली, एक अजीमकडे, एक या पाकिटात. माझा तो 'नाही'वाला फॉर्म फाडला. ज्या कंपनीला बीपी माझं आहे म्हणून शपथेवर लिहून दिलं, तिलाच ते नाही म्हणून कसं सांगू? आता अजीमकरवी खरा फॉर्म भरतेय, दीडपट हप्त्याचा. ह्यांना कारण सांगितलं. ते पेपर वाचत होते, पान न उलटता बराच वेळ वाचत राहिले.

लोभ मागायला तोंड नाही. शिल्लक असेल तेवढा कळव.

शालन

•

लोणावळा
१० नोव्हेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,

शि. सा. न. वि. वि. आता वाकता येतं.

निकाल लागला. हॉस्पिटलने कागद दुरुस्त करून तसं पत्र दिलं. आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की या बाईला मी बीपीची गोळी कधीच दिलेली नाही. तरी कंपनीने एकदा नाहीच म्हटलं. मग अजीमने प्रकरण कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे नेलं, आणि तिथेही अडलं असतं तर पुण्याला विमा लोकपालाकडे जायची फाईल बांधून ठेवली होती. ती वेळ आली नाही. तक्रार अधिकारी एक बाई आहेत. त्यांनी अजीमला फोन करून विचारलं की या बहिणी खरंच आहेत का, की वकिलाने रचल्यात. त्यांना स्वतःला तीन बहिणी आहेत म्हणे. दावा मंजूर झाला, पॉलिसी कायम राहिली, आणि दुसऱ्या नळीची कॅशलेस मंजुरी कालच आली. अठरा तारखेला सकाळी आठला दाखल व्हायचंय. तू ये. तुझ्याखेरीज मला तिथे कुणी नको.

मी तुला दीड महिना लिहिलं नाही, ते रागाने, असं तू धरलं असशील. पहिले आठ दिवस राग होता. नंतर माझीच लाज होती. तू शपथेवर इतकं लिहून दिलंस, मी मात्र माझ्या वाट्याचं खरं गिळून बसले होते.

'पेशंटची आई' वाचताक्षणी मला कळलं होतं, कारण नर्सचा तो प्रश्न मी ऐकला होता. स्ट्रेचरवर डोळे मिटलेले होते, कान उघडे होते. जन्मभर तुझे आखूड झालेले फ्रॉक मी घातले, तुझ्या पेनाच्या खुणा असलेली पुस्तकं वाचली, एकतीस वर्षं तुझ्या कार्डाचं कौतुक ऐकलं. जे मिळालं ते तुझं होऊन उरलेलं. आणि त्या दारात, छातीवर दगड ठेवल्यासारखं होत असताना, कुणीतरी मला तुझी मुलगी समजलं.

'आई नव्हे, बहीण' म्हणायला लागतो तेवढा श्वास माझ्यात होता, अक्का. मी तो वाचवला.

लोभ आहे. किती, ते दोघींनीही कुणाला सांगू नये.

तुझी,
माधवी