मोहोराचा वास

फेब्रुवारी, बुधवार. दिवेलागण

दिवसभर आंब्याच्या कलमांवर फवारणी केली. हात उचलवत नाहीत. कॉलेज सोडताना वर्गातल्या रसिकाला ऐटीत सांगितलं होतं, आता फक्त लिहिणार. तिच्यासाठी मोहोराच्या वासावर कविता करायची होती. पण माझ्याच अंगाला वास येतोय औषधाचा. येताना स्टॉपवर नेमकी तीच भेटली. नाकाला ओढणी लावून म्हणाली, "काय रे कवी, ह्यो कसलो वास?"

मी उखडलोच. "मगे लांब रव!"

"खंय जाव? एसटी हयच थांबता."

घरी दोनदा आंघोळ केली, वास जात नाही. कविताही होत नाही. मघापासून डोक्यात एकच. स्टॉपवरचा बाक मोकळा होता. मग एसटी येईपर्यंत ती नाक दाबून माझ्याच बाजूला का उभी राहिली?