भाकरी अजून चारच येतात

तेजस्वी,

तुझी निळी बादली खोलीतच राहिलती, ती तुझ्या नव्या खोलीच्या दाराशी ठेवलीय. ही चिठ्ठी त्यातच हाय.

एक काम हाय. रविवारी माझी आई येणार हाय, कणकुंबीच्या पहिल्या गाडीनं. तू खोली बदललीस हे मी तिला सांगितलंच न्हाय. कंडक्टरमामा रोज डबा आणतात, त्यात अजून चार भाकरी असतात, दोन तुझ्या. तुला तिखट सोसत न्हाय म्हणून भाजी बी अजून फिकीच येते. मी गप खाते.

तेवढं दहा वाजता येऊन तुझ्या जुन्या कॉटवर बस. चादर मी घालून ठेवते. आपण का बोलत न्हाय ते तिच्यापुढं काढू नकोस. ती फक्त विचारंल, पोटभर जेवतीस न्हवं? व्हय म्हण.

ती गेली की लगेच गेलीस तरी चालंल. मी थांब म्हणणार न्हाय.

काल एक नवी पोरगी कॉट बघायला आलती. रिकामी न्हाय म्हणून सांगितलं.

मनिषा