टाकीत बुडवलेले सहा क्यूब

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा काँक्रीटचे क्यूब फोडून त्यांची ताकद लिहून देण्याचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टरांनी दिला आहे. पत्नीला तो पटलेला नाही, पण तिला विचारलेले नाही. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत धाकट्या भावाला काही ठेवले नव्हते.

कलम १. राहते घर पत्नीला. पुढच्या खोलीतला आईचा फोटो काढू नये. त्यात धाकटा आईच्या मांडीवर आहे आणि माझा फक्त खांदा आला आहे, तरीही काढू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक पत्नीला, तिच्यानंतर मुलीला.

कलम ३. प्रयोगशाळा, लोखंडी साचे आणि पाण्याची टाकी मुलीला. साच्यांना तेल लावल्याशिवाय माल भरू नये. समोरच्या कंत्राटदाराचे काम घेऊ नये. तपासणीच्या क्यूबमध्ये दुप्पट सिमेंट आणि इमारतीत नुसती वाळू, हा त्याचा खाक्या मी विसरलेलो नाही.

कलम ४. क्यूब फोडायचे दाबयंत्र धाकट्या भावाला. का, ते पुढे येते.

कलम ५. सात वर्षांपूर्वी धाकट्याने नवा बाइंडर, म्हणजे सिमेंटच्या जागी वापरायची भुकटी, काढला. नेहमीचे सिमेंट चुनखडी भाजून होते, आणि भाजताना तिच्यातून ढीगभर कार्बन वायू हवेत जातो. याने चुनखडी घेतलीच नाही. मॅग्नेशियम सिलिकेटचा हिरवट दगड, ज्याला कुंपणासाठीही कोणी विचारत नव्हते, त्याच्यातून भुकटी काढली. तिला आच कमी लागते, आणि घट्ट होताना ती उलट वायू शोषून घेते. शाळेच्या नव्या इमारतीला त्याचे ठोकळे घ्यायचे ठरत आले होते, फक्त माझ्या अहवालाची अट होती. जो तो मला सांगे, "काय डोकं आहे हो तुमच्या भावाचं!" चाळीस वर्षे मी क्यूब फोडले, माझ्या डोक्याचे कोणी नाव काढले नाही. माझ्या पोटात दुखायचे. घास उतरत नसे.

त्याचे सहा क्यूब आले. साच्यातून काढलेला क्यूब अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचा, हा आमचा नेम. हात सवयीने गेला आणि सहाही टाकीत बुडवले. त्याची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी वाचली: "दादा, पाण्यात घालू नकोस, तिथे यांना वायू मिळत नाही. सोबतच्या वायू भरलेल्या बंद पेटीत ठेव." पहिल्या दिवसाची चूक हाताची. पुढचे सत्तावीस दिवस माझे. मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. क्यूब बिस्किटासारखे फुटले. मी ठळक अक्षरात "नापास" लिहिले आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो. त्याचे शाळेचे काम गेले, पाठोपाठ ठोकळे पाडायची शेडही गेली. आता तो दुसऱ्याच्या कारखान्यात साध्या सिमेंटचे ठोकळे पाडतो.

कलम ६. इथे मी "वरील कबुली माझ्या मरणानंतर वाचावी" असे लिहिले होते. पत्नीने चष्मा लावून वाचले. म्हणाली, "मेल्यावर कशाला? म्हणजे त्याचं चांगलं झालेलं तुम्हाला बघायला नको, असंच ना?" असेच होते. ते वाक्य खोडले आहे. अहवाल खोटा असल्याचे पत्र आज सकाळी शाळेला आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला पाठवले. प्रयोगशाळेचा परवाना जाईल. मुलगी म्हणाली, "जाऊ दे बाबा, मी माझ्या नावावर नवा काढीन. काकाची पेटीही ठेवीन." तिलाही काकाचेच कौतुक.

कलम ७. हे कलम वकिलांच्या मनाविरुद्ध घातले आहे. दुपारी धाकट्याला बोलावून कलम ५ वाचून दाखवले.

"मला माहीत होतं, दादा. तुकडे न्यायला आलो तेव्हा आतून ओले होते."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुझी लॅब त्याच दिवशी बंद झाली असती. पोरगी शिकत होती."

सात वर्षे मी त्याच्यावर जळत होतो आणि माझी चूल त्याच्या गप्प बसण्यावर पेटत होती. माझे डोळे भरून आले. खरे सांगायचे तर त्याच्या मोठ्या मनाचाही मला हेवा वाटला.

दुसरा साक्षीदार आला नव्हता. धाकटा पुढे झाला. वकिलांनी त्याला अडवले, "ज्याला काही मिळायचंय त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. तुम्ही सही केली तर यंत्र गेलं."

"मग माझं कलम काढा," तो म्हणाला. "यंत्र पोरीला लागेल. माझे नवे क्यूब मी तिच्याकडेच आणणार आहे. पेन द्या."

म्हणून कलम ४ रद्द. यंत्र मुलीला. मला वाटले होते, एकदा तरी देणारा मी असेन आणि घेणारा तो.

हे सर्व वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, दुपारी चार

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार १: शेजारचे डॉक्टर (सही)

साक्षीदार २: मृत्युपत्र करणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ, धंदा ठोकळे पाडणे (सही)