पट्ट्यांवर एकही अपघात नाही

२ सप्टेंबर
आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात आणि खरं.

पालिकेच्या नागरिक सहभाग कार्यक्रमात नाव दिलं. काम: शाळेसमोरच्या झेब्रा क्रॉसिंगवर शाळा भरताना आणि सुटताना उभं राहून लोकांना रस्ता पार करून देणं. पगार नाही. जॅकेट मिळतं.

पुढे विसरायला नको म्हणून लिहिते. त्या क्रॉसिंगवर सिग्नल बसवा म्हणून वहिनी दोन वर्षं पालिकेच्या मागे लागली आहे. तिची टिल्ली, म्हणजे माझी भाची, त्याच शाळेत जाते. पालिकेने आता सांगितलं आहे की आधी एक व्हॉलंटिअर उभा करा, नोव्हेंबरात आम्ही मोजणी करू. पट्ट्यांवरून पुरेशी माणसं जात असतील तर सिग्नल, नसतील तर विषय बंद. गल्लीत कुणालाच वेळ नाही. मला ऑफिस सोडल्यापासून वेळच वेळ आहे. (सोडलं. काढलं नाही. मी प्रत्येक ई-मेल पाठवण्याआधी इतक्यांदा तपासायची की ती जायचीच राहायची. साहेब म्हणाले, तुम्ही फार चांगल्या आहात, पण इथे नको.)

दादा म्हणाला, हिला रस्त्यावर उभी करताय, बघा बुवा. वहिनी म्हणाली, हिच्याइतकी काळजी घेणारं दुसरं आहे कोण? हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवते आहे.

५ सप्टेंबर
ट्रेनिंग झालं. शिकवायला एक निवृत्त ट्रॅफिक हवालदार होते. म्हणाले, माणसं जमली की ‘थांबा’ची पाटी वर करा, गाड्या थांबल्या की शिट्टी मारा, बाकी माणसं आपापली जातात. मी विचारलं, गाडी थांबली असं नक्की कधी धरायचं? ते म्हणाले, थांबली की. मी विचारलं, चाकं थांबल्यावर, की ड्रायव्हरने आपल्याला पाहिलंय याची खात्री झाल्यावर? ते चहा प्यायला गेले.

मला हे नवीन नाही. शाळा लांब होती म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत बाबांनीच घरी शिकवलं. रस्ता ओलांडणंसुद्धा. हॉलमध्ये खडूच्या दोन रेघा, मध्ये रस्ता, दादा ट्रक. बाबा खुर्चीतून सांगायचे: थांब. दोन्हीकडे बघ. ऐक. दादा तोंडाने हॉर्न वाजवत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावायचा आणि आई जेवायला हाक मारेपर्यंत मी रेघेवर उभी. एकदाही ट्रकखाली आले नाही.

९ सप्टेंबर
पहिला दिवस. जॅकेट गुडघ्यापर्यंत येतं. पोरं, आया, आजोबा, सायकली, सगळे एकदम. शिट्टी तोंडाला लावेपर्यंत अर्धी गर्दी पलीकडे पोचलेली. एक आजोबा जाताजाता म्हणाले, छान काम आहे हो, बसायला स्टूल आणा.
शिस्त नाही. उद्यापासून शिस्त.

११ सप्टेंबर
नवीन नियम. (१) शिट्टी वाजेपर्यंत कुणी पट्ट्यांवर पाय ठेवायचा नाही. (२) शिट्टी वाजण्याआधी दोन्ही बाजूंच्या पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं पाहिजे. नुसतं तोंड इकडे असून चालणार नाही.
आज एका ड्रायव्हरने काळा चष्मा लावला होता. त्याला काच खाली करायला सांगितली. मागच्यांनी हॉर्न वाजवले. पण धोका टळला.

१६ सप्टेंबर
नाड्यांचं आधी लक्षातच आलं नव्हतं. सुटलेल्या नाडीवर पाय पडून भर रस्त्यात पोर पडलं तर? आजपासून नाड्या तपासते. वेळ लागतो, पण किती जणांच्या सुटलेल्या असतात ते बघून अंगावर काटा आला.
टिल्लीच्याही तपासल्या. ती म्हणाली, आत्या, माझ्या बुटांना वेल्क्रो आहे. म्हटलं, मग वेल्क्रो बघू.

२० सप्टेंबर
शाळेच्या मुख्याध्यापिका भेटायला आल्या. फार मुलं उशिरा येतात म्हणाल्या. मी म्हटलं, हो ना, लोक घरून वेळेवर निघत नाहीत. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. घसा बसला असावा, काही न बोलता गेल्या.

२६ सप्टेंबर
गर्दी आटोक्यात आली आहे. शिस्तीचा परिणाम.
पुढच्या वळणावर बेकरी आहे. तिथे मात्र सकाळी झुंबड असते. लोकांना ताज्या पावाची आवड लागलेली दिसते. पाव घेऊन बरेच जण तिथूनच पलीकडे जातात. तिथून येणारी गाडी दिसत नाही, वळण आहे. या लोकांना कुणीतरी सांगायला हवं.

१ ऑक्टोबर
बेकरीवाले काका स्वतः आले. गरम बन हातात ठेवला आणि म्हणाले, ताई, तुमच्यामुळे धंदा दुप्पट झाला, रोज एक बन माझ्याकडून. माझ्यामुळे कसा ते विचारलं. ते हसले, म्हणाले, तुम्ही असंच उभं राहा.
कामाची कुणीतरी दखल घेतली. पण व्हॉलंटिअरने बन घ्यावा का? परत केला. मग त्यांना वाईट वाटलं असेल असं वाटून पुन्हा जाऊन घेतला. मग पालिकेच्या कोऑर्डिनेटर बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, खा हो. तोवर गार झाला होता.

९ ऑक्टोबर
आज सकाळी फक्त सातजण. सातही जण अगदी व्यवस्थित गेले. आजवर पट्ट्यांवर एकही अपघात नाही. वहिनीला सांगितलं. तिने विचारलं, सातशे का? म्हटलं, सात. ती पोळपाट तसाच ठेवून बाहेर आली. मी समजावलं की संख्येपेक्षा दर्जा महत्त्वाचा. ती म्हणाली, मोजणीवाले दर्जा मोजत नाहीत.

१७ ऑक्टोबर
थोडक्यात लिहिते.
टिल्लीला बेकरीच्या वळणावर स्कूटर घासून गेली. गुडघा फुटला, बाकी काही नाही. स्कूटरवाला तिच्याहून जास्त रडत होता. वहिनीने विचारलं, तू तिथे काय करत होतीस? टिल्ली माझ्याकडे बघत राहिली. मुलं घाबरली की बोलत नाहीत.
यावरून एक सिद्ध झालं: वळण धोक्याचं, पट्टे सुरक्षित. अजून काळजी घेतली पाहिजे. उद्यापासून शिट्टीच्या आधी मी स्वतः एकदा पलीकडे जाऊन परत येईन आणि मग लोकांना सोडेन.

१८ ऑक्टोबर
टिल्ली बोलली. मला नाही, बाबांना. मी स्वयंपाकघरात होते, ऐकू आलं. आत्याकडून गेलं की उशीर होतो. तीनदा उशीर झाला म्हणून बाईंनी मॉनिटरचा बॅज काढून घेतला. वर्गातले सगळे बेकरीकडूनच जातात. आत्याला सांगू नका, तिला वाईट वाटेल.
वाईट वाटलं नाही. लहान आहे ती. बॅज काय, परत मिळतो.
रात्री जेवले नाही. पोट बिघडलं होतं.

२१ ऑक्टोबर
वहिनी गच्चीत घेऊन गेली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, बाई गं, तुझं मन मला माहीत आहे. पण लोक वळणावरून जातात ते तुला टाळायला. त्या वळणावर एखादं पोर जिवानिशी जाईल एक दिवस. मोजणी होईपर्यंत फक्त पाटी वर कर आणि सोड. नाड्या बघू नकोस, डोळे बघू नकोस. एवढं कर माझ्यासाठी.
म्हटलं, करते. शपथ घेतली.
(लोक मला टाळतात हे तिचं मत. पावाचा मुद्दा तिने लक्षात घेतलेला नाही.)

२२ ऑक्टोबर
सोपं आहे. पाटी वर, शिट्टी, सोड.
पहिल्या घोळक्याला सोडलं. छान गेले. एक बाई म्हणाल्या, आज बऱ्या आहात ना?
दुसऱ्या घोळक्यात एक गृहस्थ मध्यावर अडखळले. पडले नाहीत. फक्त अडखळले. पण पडले असते तर? त्यांना हाताला धरून मागे आणलं आणि नाड्या बघितल्या. चांगल्या बांधलेल्या होत्या. ते म्हणाले, मी पलीकडे पोचत आलो होतो.
उद्यापासून नक्की.

३० ऑक्टोबर
उद्यापासून नक्की.

८ नोव्हेंबर
मोजणी बारा तारखेला. वहिनी घरोघर जाऊन आली. गल्लीतल्या सगळ्यांनी त्या सकाळी पट्ट्यांवरूनच जायचं, आणि जमेल तितक्यांदा इकडून तिकडे, तिकडून इकडे. बेकरीवाले काकासुद्धा तासभर दुकान बंद ठेवणार. दादा रजा काढणार. वहिनी किती दिवसांनी हसली. मला म्हणाली, तू फक्त पाटी धर.
इकडून तिकडे पुन्हापुन्हा, हे बरोबर आहे का? बाबांना विचारलं. ते म्हणाले, तुला काय वाटतं? बाबा नेहमी हेच विचारतात, आणि मग मला रात्रभर काहीतरी वाटत राहतं.

१२ नोव्हेंबर, दुपारी
आजचा दिवस नीट लिहायला हवा.
मोजणीवाला सकाळीच आला. तरुण मुलगा, घडीची खुर्ची, हातात टिकटिक करणारं मोजयंत्र. आणि मग सगळी गल्ली आली. दादा, बाबा काठी घेऊन, ते स्टूलवाले आजोबा, बेकरीवाले काका, पोराटोरांची रांग. मी पाटी वर केली, शिट्टी मारली, सोडलं. पुन्हा वर, पुन्हा सोडलं. कुणाच्या नाड्या बघितल्या नाहीत. टिल्ली दोनदा माझ्या समोरून गेली आणि दोन्ही वेळा हात हलवला. मोजणीवाल्याचं यंत्र थांबेना. तो मला म्हणाला, एवढा वापर असेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं, सिग्नल पक्का समजा.
तो इतका विश्वासाने म्हणाला.
बेकरीवाले काका पाचव्यांदा गेले तेव्हा मला राहवेना. चांगला मुलगा, आईबापांनी नीट वाढवलेला दिसत होता, आणि आम्ही सगळे मिळून त्याला फसवत होतो. मी पाटी खाली ठेवली, त्याच्याजवळ गेले आणि सांगितलं की ते निळ्या स्वेटरमधले काका पाचव्यांदा गेले, तो माझा भाऊ, ते माझे वडील, आणि त्या लाल ओढणीवाल्या माझ्या वहिनी, ही सगळी कल्पना त्यांची.
तो म्हणाला, मॅडम, तुम्ही हे मला सांगायला नको होतं. मग यंत्र शून्यावर आणलं. मागे वळले तर सगळे जागच्या जागी उभे. मग काका दुकान उघडायला गेले आणि त्यांच्या मागोमाग सगळे. वळणाकडून.
वहिनी शेवटी गेली. माझ्या जवळून जाताना जॅकेटची वर गेलेली कॉलर नीट केली. सवयीने केली असणार.
उरलेल्या वेळात मोजणीत एकच माणूस आला. मोजणीवाला स्वतः. त्याला पलीकडे बस पकडायची होती.

१९ नोव्हेंबर
वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ दे. दार लाव.
दादाने समजूत काढली. म्हणाला, तू खोटं बोलली नाहीस ना, झालं तर. आणि मग टीव्हीचा आवाज वाढवला.
मोजणीवाला समजूतदार होता. खरेपणाचे काही गुण देत असतीलच.

२५ नोव्हेंबर
कोऑर्डिनेटर बाईंचा फोन. म्हणाल्या, तुमचं रेकॉर्ड उत्तम आहे, एकही अपघात नाही. माणूसही एकच. सिग्नल नामंजूर. वापर नाही म्हणून पट्टेही पुसणार. वळणावर लोक बेशिस्तपणे ओलांडतात म्हणून तिथे लोखंडी रेलिंग लावणार, शाळेच्या फाटकापर्यंत. यापुढे सगळ्यांनी पादचारी पुलावरून जायचं.
पूल किती लांब आहे ते सगळ्यांना माहीत आहे. तिथून कुणी जात नाही.
विचारलं, माझं काम? म्हणाल्या, जॅकेट धुऊन परत करा.
वहिनीला मीच सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. दोन वर्षं, एवढंच म्हणाली आणि घड्या घालत राहिली.

२८ नोव्हेंबर
रंगारी आले, पट्ट्यांवर काळा रंग मारायला. रस्ता चालू होता आणि त्यांच्याकडे कुणी थांबवणारं नव्हतं. जॅकेट अजून परत केलं नव्हतं. उभी राहिले. गाड्या थांबवल्या. रंगारी म्हणाला, ताई, तुम्ही असलात की बिनधास्त काम करता येतं. इतक्या दिवसांत माझ्या शिट्टीचं एवढं कुणीच ऐकलं नव्हतं.
संपलं तेव्हा मी शाळेच्या बाजूला होते आणि घर पलीकडे. मध्ये नुसता काळा रस्ता.
शाळा सुटली. रेलिंग अजून लागलेलं नाही, पण वळणावर खड्डे खणून ठेवलेत. लोक आता कुठूनही पळत होते, गाड्यांच्या मधून, पोरांना बखोटीला धरून. टिल्ली आली. आधी माझ्या पायांकडे बघितलं. म्हणाली, आत्या, नाडी सुटलीये. वाकून बांधली. माझा हात धरला आणि म्हणाली, चल.
म्हटलं, ही एक गाडी जाऊ दे. मग म्हटलं, ही एक. मग ट्रक आला. टिल्ली खूप वेळ थांबली. शेवटी म्हणाली, आत्या, मी जाऊ? आई वाट बघत असेल. दोन्हीकडे बघितलं आणि गेली. पलीकडून हात हलवला.
अंधार पडल्यावर मी पुलावरून आले. पोचले तेव्हा सगळ्यांची जेवणं झाली होती. ताट झाकून ठेवलेलं होतं.
बाबा जागे होते. त्यांना विचारलं, थांब, दोन्हीकडे बघ, ऐक. त्यानंतर काय होतं?
बाबांनी आठवून पाहिलं. म्हणाले, त्यानंतर निघायचं. दादाला विचार, त्याला सांगितल्याचं आठवतंय. तुझ्या वेळी बहुतेक तोवर जेवणाची वेळ व्हायची.