अस्वलाच्या मागच्या दाराशी

प्रिय धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, आणि आईने विचारलं की "बरा आहे" यापलीकडे मला काही सांगता येत नाही. म्हणून हे पत्र. हे तुला मध्येच कट करता येणार नाही.

प्राणीसंग्रहालयात सध्या सगळे माझ्या नावाने बोटं मोडताहेत. अस्वलाच्या आवाराकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या मी फोडायला लावल्या. साहेब आधी ऐकेचनात. म्हणाले, "इतकी वर्षं पायऱ्या आहेत, कुणाची तक्रार नाही." मी म्हटलं, "तक्रार करणारे वर पोचलेच नाहीत, साहेब." देखभालीची मुकादम असून मी त्यांना उलट बोलले! मग एका रविवारी त्यांना पायऱ्यांखाली उभंच केलं. तिथे एक आजी घरातल्या सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. वरून नात ओरडत होती, "आजी, आता अस्वल पाठ घासतंय! आता जांभई दिली!" आजी मान वर करून हसत होत्या, पण दिसत होती फक्त भिंत. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली.

काम सोपं नव्हतं. पायऱ्यांच्या जागी घातलेला पहिला उतार इतका उभा झाला, की भरलेली ढकलगाडी गवंड्याच्या हातून सुटली आणि थेट माकडांच्या जाळीवर आदळली. माकडांची चंगळ झाली, माझी शोभा. तो तोडून पुन्हा बांधला, लांब आणि सौम्य. आता आजी स्वतः वर जातात आणि नातच त्यांना खाली बोलावत बसते.

तुझ्या बाईसाहेबांची, तू सांभाळलेल्या अस्वलाची, बातमी मात्र चांगली नाही. तिचे दोन्ही डोळे गेलेत. नवी राखणदार मुलगी गुणी आहे, पण तिच्या हाकेवर अस्वल आतल्या पिंजऱ्यात येत नाही. अस्वल आत आल्याशिवाय आवार धुता येत नाही. वास सुटलाय. साहेब तो भाग लोकांसाठी बंद करून अस्वलाला भूल देऊन कायमचं आत ठेवायचं म्हणताहेत. परवा मी तुझ्यासारखी हाक मारून पाहिली. तिने कान टवकारले, हवेत नाक फिरवलं आणि पाठ केली. नक्कल तिला चालत नाही.

म्हणून गवंडी हाताशी होता तोवर मी आणखी एक उतार घालून घेतला, मागच्या दाराशी. तिकडे प्रेक्षक फिरकत नाहीत. "कशाला?" म्हणून साहेबांनी विचारलं, तेव्हा सांगितलं, की तिच्या जुन्या राखणदाराला पिंजऱ्याच्या जाळीपर्यंत चाकांची खुर्ची नेता यायला हवी. साहेबांनी तुला कामावर घ्यायचं कबूल केलंय. हाक मारायची आणि त्या मुलीला शिकवायचं. अपघातात तुझे पाय गेले रे, आवाज नाही. सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन येतेय. दाढी करून ठेव. नाहीच म्हणायचं असेल, तर ते जाळीशी येऊन बाईसाहेबांना सांग.

तुझीच, ऐकून न घेणारी,
ताई